खर्जाची हौस

आमच्या वयाच्या प्राध्यापकानें एखादी नवी हौस लावून घ्यावयाची म्हटली, तर समाजानें त्यासाठीं दोनतीन गोष्टी मुक्रर करून ठेविल्या आहेत. त्यानें अंगणांत गुलाबाचीं कलमें लावावीं, ज्ञानेश्वरीवर टिपणें काढावीं, किंवा फार तर पेटी शिकावी. चोपन्नाव्या वर्षीं त्यानें विजेवर वाजणारी बास गिटार विकत आणली, तर शेजारीं पहिली चौकशी होते ती त्याच्या प्रकृतीची. आमच्या बाबतींत ही चौकशी अगदींच अस्थानीं नव्हती, कारण या खरेदीचा उगम वैद्यकीय तपासणींतच होता.

वर्गांत मागच्या बांकांवरून येणारे प्रश्न आम्हांस अर्धवट ऐकूं येऊं लागले होते. स्वर पोहोंचत, व्यंजनें वाटेंत गळून पडत. विद्यार्थी ‘शेली’ म्हणाला कीं ‘केली’ म्हणाला, हें आम्ही संदर्भावरून ठरवीत होतों. आणि आमच्या विषयांत दोन्ही शब्दांस सारखाच वाव असल्यामुळें घोटाळा लवकर उघडकीस आला नाहीं. शेवटीं कानाच्या डॉक्टरांनीं आम्हांस एका बंद पेटीवजा खोलींत बसवून तपासलें आणि एक आलेख हातांत दिला. त्यावरील रेघ डावीकडे सपाट होती. उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांच्या बाजूस, ती घाटाच्या रस्त्यासारखी उतरत गेली होती. वयाबरोबर माणसाचे उंच स्वर आधीं जातात. स, श, फ हीं व्यंजनें त्याच मुलखांत राहतात. डॉक्टरांनीं आमचा चेहरा पाहून धीर दिला: “खालचें सगळें शाबूत आहे.”

हें वाक्य आम्ही घरीं घेऊन आलों. जें जात आहे त्याचा हिशेब करण्यापेक्षां जें शाबूत आहे त्याचा कांहीं उपयोग करावा, असा विचार मनांत आला. त्याला एक जुनें कारणही होतें. लहानपणीं रेडिओवर सिनेमाचीं गाणीं लागलीं कीं आमच्या बहिणी गाण्याचे शब्द पाठ करीत. आमचें लक्ष मात्र त्या शब्दांच्या खालून एक जाड, मऊ आवाज पावलें टाकीत चाले, त्याच्या मागें असे. तो आवाज कशाचा हें तेव्हां ठाऊक नव्हतें. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून गोव्याकडचे अनेक वादक हीं परदेशी वाद्यें वाजवीत, आणि तबकडीवर त्यांचीं नांवें क्वचितच छापलीं जात, हें पुढें कळलें. बास गिटारच्या चार मोकळ्या तारा सेकंदाला सुमारें ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपनें देतात. डॉक्टरांच्या शब्दावर विसंबावें, तर हा सगळा प्रदेश आमच्याकडे अजून इनामासारखा अबाधित होता.

आतां बास म्हणजे कोणती? या वाद्याचा इतिहास लहान आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं लिओ फेंडर नांवाचा एक रेडिओदुरुस्तीवाला होता. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. नाचगाण्याच्या ताफ्यांतील बासवादक माणसापेक्षां उंच असें लांकडी धूड पाठीवर घेऊन हिंडत, आणि इतकें करून ढोलताशांत त्यांचा आवाज कोणालाही ऐकूं जात नसे. फेंडरनें १९५१ सालीं भरीव लांकडाची, गळ्यांत अडकविण्याजोगी, चौतीस इंच तारेची बास विक्रीस काढली. दांडीवर पडदे असल्यामुळें सूर नेमका लागतो, म्हणून तिचें नांव ‘प्रिसिजन’. १९५७ सालीं तिला दोन तुकड्यांचा पिकअप बसविण्यांत आला. पिकअप म्हणजे लोहचुंबकांभोंवतीं तांब्याच्या केसाएवढ्या तारेचे हजारों वेढे. पोलादी तार वर हलली कीं त्यांत वीज खेळते आणि तीच पुढें ध्वनिवर्धकांत जाऊन आवाज होते. एक पिकअप, एक खुंटी आवाज लहानमोठा करणारी, एक त्याचा उजळपणा कमी करणारी. या पलीकडे त्या बासमध्यें कांहीं नाहीं. गेल्या साठ वर्षांत ज्याला बासचा ‘क्लासिक’ सूर म्हणूं लागले, तो बव्हंशीं या तीन वस्तूंतून निघालेला आहे. स्वस्त वाद्य घेणाऱ्याच्या दृष्टीनें ही मोठी सोयीची गोष्ट आहे. बॅटरीवर चालणारे पांच खटके असलेलें वाद्य स्वस्तांत चांगलें करणें कठीण. साधें वाद्य स्वस्त असलें तरी त्यांत बिघडावयास फारसें कांहीं नसतें.

अस्सल अमेरिकन प्रिसिजनची किंमत आपल्याकडे दोन लाखांच्या घरांत जाते. आमच्या सौभाग्यवतींनीं आंकडा ऐकून घेतला आणि विचारलें, “अहो, ही वाजते कीं धांवतेसुद्धां?” तेव्हां आम्ही त्याच नमुन्याची एक नक्कल, वापरलेली, अठरा हजारांस घेतली. नकलेविषयीं आम्हांस मुळींच संकोच वाटला नाहीं. पॉल मॅकार्टनीनें १९६१ सालीं हॅम्बुर्ग येथें होफ्नर बास घेतली ती तीस पौंडांच्या आसपास मिळाली म्हणून. फेंडर त्याच्या आवांक्याबाहेर होती. त्या स्वस्त बासवर पुढें काय काय वाजलें हें जगास ठाऊक आहे. १९७२ सालीं ती लंडनमध्यें चोरीस गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनीं त्याच्या हातीं परत आली, याची बातमी २०२४ च्या फेब्रुवारींत वर्तमानपत्रांनीं छापली. तीस पौंडांच्या वस्तूसाठीं इतका शोध बहुधा दुसरा झाला नसेल.

निवड करतांना आमच्याबरोबर आमचा भाचा होता. तो इंजिनियर असून त्याला वाजवितां येतें, आणि डाखही चांगला देतां येतो. वाद्य विजेला जोडण्यापूर्वींच तें ओळखावें, ही त्याची रीत आम्हांस पटली. दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून तिला पीळ पडला आहे काय हें त्यानें पाहिलें. दांडी पुढें वांकली असेल तर पोटांतील लोखंडी सळई पावपाव फेऱ्यानें आवळून ती सरळ करतां येते. पीळ मात्र घालवितां येत नाहीं. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून त्यानें मुका किंवा करकरणारा स्वर कोठें आहे हें पाहिलें. रंगाकडे त्यानें ढुंकूनही पाहिलें नाहीं, आणि लांकडाच्या जातीविषयीं दुकानदार सांगूं लागला तेव्हां तो खुंट्यांचे पेंच घट्ट आहेत कीं नाहींत हें बघत राहिला. लांकडावरून या जमातींत जेवढीं भांडणें होतात तेवढीं आमच्या विद्यापीठांत अभ्यासक्रमावरूनही होत नाहींत. तूर्त आम्ही त्यांत पडत नाहीं.

बास घरीं आली. पण रेडिओवरचा तो आवाज तिच्यांतून येईना. जो येई तो लखलखीत, पितळी, पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा दीर्घकाळ रेंगाळणारा होता. आम्हीं भाच्यास विचारलें, “यांत काय घालावें लागेल?” तो म्हणाला, “मामा, घालायचं कमी आहे, मारायचं जास्त आहे.” त्याचें म्हणणें समजावयास आम्हांस जेम्स जेमरसनपर्यंत जावें लागलें.

जेमरसनचा जन्म १९३६ सालीं साउथ कॅरोलायनांतील एडिस्टो बेटावरचा. १९५४ सालीं तो डेट्रॉइट येथें आला आणि शाळेंत उभी बास, म्हणजे तेंच माणसाएवढें लांकडी वाद्य, शिकला. मोटाऊन या गाण्याच्या कंपनीचें ध्वनिमुद्रणगृह डेट्रॉइटच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एका साध्या राहत्या घरांत होतें. साठाच्या दशकांत तेथून जीं गाणीं बाहेर पडलीं, त्यांतील पुष्कळांचा पाया याच्या हातचा आहे. १९६४ चें ‘माय गर्ल’ ज्यांनीं ऐकलें असेल त्यांना गाणाऱ्याच्या आधीं येणारीं तीं बासचीं पावलें आठवतील. त्याची प्रिसिजन बास १९६२ ची होती. तिची दांडी वांकलेली, तारा पडद्यांपासून इतक्या उंच कीं दुसऱ्यास ती वाजविणें जड जाई. तारा जाड आणि चपट्या वेढ्याच्या. त्या तुटल्याशिवाय तो बदलीत नसे. तारांवर बसलेल्या मळांतच त्यांची खुमारी आहे, असें त्याचें मत होतें. घोडीवरील झांकणाखालीं फोमचा तुकडा दडपलेला असे, आणि उजव्या हाताचें तो एकच बोट वापरी, तर्जनी. त्याच्या मोठेपणाचें मूळ अर्थातच त्याच्या चालींत आहे, तारांत नाहीं; परंतु आवाजापुरतें बोलावयाचें तर ही सगळी सामग्री दोन आण्यांची आहे.

त्याचें नांव गाण्याच्या संग्रहावर छापलें गेलें तें मार्विन गे याच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. तोंवर ज्यांच्या घरोघर त्याचा आवाज वाजत होता त्यांना तो कोण हें माहीत नव्हतें. १९७२ सालीं कंपनी लॉस एंजलिसला गेली. ती बास जेमरसनच्या मृत्यूच्या थोडे दिवस आधीं चोरीस गेली; तो १९८३ सालीं वारला. २००० सालीं त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्यें स्थान मिळालें. गोव्याकडच्या त्या वादकांची आम्हांस येथें आठवण झाली नसती तरच नवल.

जेमरसनचा विचार करतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. उभ्या बासवर वाढलेला हा माणूस नव्या वाद्यांतून जुन्याचाच आवाज काढीत होता: एक ठोसा आणि लगेच विरणें. लांकडी बासचा स्वर जन्मतांच मावळूं लागतो. विजेच्या बासला तसें मरण उपजत नाहीं, तें तिला द्यावें लागतें. म्हणजे ज्या सुरास आपण अस्सल समजून त्याची नक्कल करावयास निघालों, तो सूर स्वतःच एका जुन्या वाद्याची नक्कल होता.

तेव्हां पहिला बदल तारांचा. साध्या तारेवर बारीक गोल तारेचा वेढा असतो. बोट फिरलें कीं करवतीसारखा आवाज होतो आणि उंच उपस्वर झळकतात. १९६६ च्या सुमारास इंग्लंडांत या गोल वेढ्याच्या तारा पुढें आल्या व बाजार त्यांचा झाला. त्या आधींची चाल चपट्या फितीचा वेढा दिलेल्या, हातास काचेसारख्या गुळगुळीत लागणाऱ्या तारांची. अशा चार तारांना आम्हांस चार हजारांच्या आसपास पडले, म्हणजे वाद्याच्या किंमतीच्या पांचव्या हिश्शाहून अधिक. त्यांचा ताण जास्त असल्यामुळें सळई पाव फेरा आवळावी लागली, आणि खुंट्यांकडील खांच जाड तारेसाठीं किंचित् घांसावी लागली. तारा चढल्या आणि पहिला स्वर निघाला, तेव्हां स्वयंपाकघरांतून प्रश्न आला, “आज रेडिओ लावलात वाटतं?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं, आम्हांस ती पावती पुरेशी होती.

दुसरा बदल स्पंजाचा. भांडीं घांसावयाच्या स्पंजाची हिरवी खरखरीत बाजू कापून टाकली आणि मऊ पिवळी पट्टी घोडीजवळ तारांखालीं सरकविली. ती तारांना नुसती टेकली पाहिजे. फार दाबली तर स्वर लांकूड ठोकल्यासारखा होतो, सैल राहिली तर असून नसल्यासारखी. फेंडरच्या जुन्या बासना झांकणाखालीं असा तुकडा कारखान्यांतूनच येत असे. लॉस एंजलिसची प्रख्यात वादक कॅरोल के ही तारांवर वरून फेल्टचा तुकडा ठेवून वाजवी. आमच्याकडच्या माणसास यांत नवलाचें काय आहे? पखवाजाच्या डाव्या तोंडास दर वेळीं ओली कणीक थापतात, वाजवून झालें कीं खरडून काढतात. ती थोडी कमी झाली कीं धुमाऱ्याचा घुमार बदलतो. मिरजेच्या तंबोऱ्यांत तार आणि घोडी यांच्यामध्यें सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. धाग्याचें काम स्पंजाच्या नेमकें उलट असतें. तो उपस्वरांना दार उघडतो, स्पंज लावून घेतो. पण तंबोरा कितीही मोलाचा असला तरी धागा केसभर चुकला कीं तो बोलत नाहीं, आणि धाग्याची किंमत कोणी विचारीत नाहीं.

आतां राहिलें विजेचें प्रकरण. बाजार खरा येथें भरतो. स्वस्त बासमध्यें पुष्कळदां सिरॅमिक चुंबकाचा पिकअप असतो. जुन्या फेंडरमध्यें अल्निको, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रणाचा. शिवाय उजळपणाच्या खुंटीवर जो कपॅसिटर असतो, तो बासच्या उंच कंपनांना जमिनीकडे वाट काढून देतो. साठाच्या सुरुवातीस तो ०.१ मायक्रोफॅरडचा असे, हल्लीं बहुधा ०.०४७ चा. एवढ्याशा या कपॅसिटरविषयीं जुन्या मालाचे शौकीन जितक्या भक्तीनें बोलतात तितक्या भक्तीनें आम्ही अजून शेक्सपियरवरही बोललों नाहीं. भाच्यानें मित्राकडून अल्निकोचा पिकअप उसना आणला, कपॅसिटर कांहीं रुपयांचा होता तो विकत घेतला, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून डाख देण्यास आरंभ केला.

डाख देण्याआधीं त्यानें एक शहाणपण केलें होतें. प्रत्येक टप्प्यावर त्यानें तीच आठ मात्रांची चाल संगणकांत मुद्रित करून ठेविली होती: मूळ तारा, चपट्या तारा, स्पंज, नवा पिकअप, नवा कपॅसिटर. मग तुकडे उलटसुलट करून त्यानें ते आम्हांस, आमच्या सौभाग्यवतींस आणि कॉलेजांत जाणाऱ्या आपल्या बहिणीस ऐकविले. तारांचा व स्पंजाचा फरक तिघांनीं प्रत्येक वेळीं ओळखला. खुंटी पूर्ण उघडी असतां कपॅसिटर कोणासही ओळखतां आला नाहीं. त्याचें कारणही त्यानें सांगितलें: खुंटी उघडी म्हणजे वाटेंत अडीच लाख ओहमचा अडथळा, मग पलीकडचें दार लहान कीं मोठें याला फारसा अर्थ नाहीं. खुंटी बंद करीत आणल्यावर मात्र ०.१ नें आवाज जास्त गडद झाला. राहिला पिकअप. तो आमच्या भाचीनें दरवेळीं अचूक सांगितला. आम्हीं एकदांही नाहीं.

“फरक आहे, मामा,” भाचा जरा संकोचून म्हणाला, “पण तो वरच्या भागांत आहे.”

तो संकोच आम्हांस समजला. आलेखावरचा घाट पुन्हां डोळ्यांपुढें आला. पिकअपची गोष्ट सोडा; मोठा प्रश्न निराळाच होता. ज्याला झळाळी ऐकूंच येत नाहीं त्यानें झळाळी नको म्हणणें यांत रसिकता कोणती? ज्या मऊ, बोथट सुराला आम्ही क्लासिक म्हणून माना डोलावतों, तो जगांत चांगला आहे म्हणून आवडतो, कीं आमच्या कानांत तेवढाच शिल्लक आहे म्हणून? इंग्रजी काव्याचे तीस वर्षें गुणदोष सांगणाऱ्या माणसास हा प्रश्न बासपुरता ठेवतां येत नाहीं.

विचारावयास आमच्याजवळ एकच निःपक्ष कान होता, तो वीस वर्षांच्या भाचीचा. तिला आम्हीं कोणता आवाज आवडला तें सांगावयास सांगितलें. तिनें बेलाशक मूळ गोल तारांचा पितळी आवाज निवडला. “बाकीचे झोपलेले वाटतात,” ती म्हणाली. आम्ही गप्प राहिलों. मग भाच्यानें तेच तुकडे एका जुन्या गाण्याच्या चालीखालीं, तबला, पेटी आणि गळा यांच्या जोडीला बसवून ऐकविले. तिनें दोनदां ऐकलें, तिसऱ्यांदां ऐकलें, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, “इथं तो मघाचा नको. तो गाणाऱ्याच्या मधेमधे येतोय. झोपलेलाच बरा.” कोणता म्हणून विचारलें, तर तिनें स्पंजाचा दाखविला.

यानें आमच्या शंकेचें निरसन झालें असें आम्ही म्हणत नाहीं. एकट्यानें ऐकलेला सूर आणि चार जणांत बसलेला सूर हे दोन वेगळे न्यायनिवाडे आहेत, एवढें मात्र दिसलें. आणि एकट्या बासची परीक्षा दुकानांत उभें राहून करणारे बहुतेक सगळे पहिल्याच न्यायासनापुढें दाद मागत असतात. म्हणूनच झळाळीचा माल अधिक खपतो. पिकअप आम्हीं मित्राला परत पाठविला. तो सुमारें दहा हजारांचा होता, आणि जो फरक आम्हांस ऐकूं येत नाहीं तो विकत घेणें म्हणजे आंधळ्यानें आरसा घेण्यासारखें झालें असतें. कपॅसिटर राहूं दिला. डाख पुन्हां काढण्याचा भाच्यास कंटाळा आला होता.

हल्लीं शनिवारीं संध्याकाळीं आमच्या वसाहतींतील पांच मंडळी जमतात. गाणारे दोघे, त्यांतील एक निवृत्त बँक अधिकारी. एक पेटी, एक तबला आणि आम्ही. आम्हांस सहा गाणीं येतात. गाणाऱ्यांचे शब्द कधींकधीं आम्हांस नीट कळत नाहींत, तेव्हां आम्ही तबलजीच्या डग्ग्याकडे लक्ष देतों. तो आम्हांस पुरता ऐकूं येतो. आमच्या वाजविण्याची स्तुति अद्याप कोणी केलेली नाहीं. एका शनिवारीं आम्ही परगांवीं होतों. सोमवारीं बँकवाल्यांनीं जिन्यांत थांबवून, परवां गाणें बसत नव्हतें, तुम्ही पुढच्या खेपेस येणार ना, असें विचारलें.

तारांना दीड वर्ष झालें आहे. गेल्या आठवड्यांत भाच्यानें एका ध्वनिमुद्रणासाठीं बास मागितली. त्याच्या स्वतःच्या बासची किंमत आमच्या बासच्या चौपट आहे. आम्हीं ती दिली. पिशवीची चेन लावतांना स्पंज हलवूं नये असें सांगितलें, आणि तारा पुसावयाच्या नाहींत असें दोनदां बजावलें.